जागलीचा टॉर्च: सेल आणि उष्णतेच्या नोंदी

१६ फेब्रुवारी

हरभऱ्याचे घाटे भरलेत आणि गावात घरोघरी जागल (रात्रभर पिकाची राखण) सुरू आहे. आमचं गाव सिंदेवाही तालुक्यात. एका अंगाला माजी मालगुजारी तलाव, दुसऱ्या अंगाला जंगल. डुकरांचा कळप एकदा वावरात शिरला की सकाळी जमीन उलथलेली दिसते. रोही (नीलगायी) आले तर शेंडे खुडून जातात. कृषिपंपाची लाईट पाळीपाळीने रात्रीच येते, तेव्हा ओलितासाठीही अंधारात धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) फिरावं लागतं. त्याच धुऱ्यावर घोणस असते, मण्यार असते, आणि कधी वाघाचे पगमार्कही.

मोठ्या काकांचा टॉर्च दुरुस्तीला आला. प्लास्टिकचा, आत ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी. दोन महिने रिकामी पडून राहिल्यामुळे प्लेटांवर सल्फेट चढलं आहे आणि ती आता चार्ज धरत नाही. या बॅटरीचा हा ठरलेला शेवट आहे. जागलीचा हंगाम संपला की टॉर्च कोनाड्यात जातो आणि बॅटरी तिथेच मरते. काका म्हणाले, "मले एकदम मोठा उजेड नको गा, रातभर पुरला पायजे. आन् जवा पायजे तवा डुक्कर दिसला पायजे."

त्यांच्या या दोन वाक्यांत सगळं आलं. बाजारात मिळणाऱ्या जबरदस्त टॉर्चवर दहा हजार ल्युमेन (उजेडाचं एकक) लिहिलेले असतात आणि तो उजेड मिनिट-दोन मिनिटांत निम्म्याच्या खाली येतो. काकांसाठी नवा टॉर्च बनवताना मला उलट बाजूने यायचं आहे. मे महिन्यातल्या आमच्याकडच्या रात्री टॉर्चचं धातूचं अंग किती उष्णता बाहेर टाकू शकतं, ते आधी ठरवायचं. एलईडी आणि सेल त्यावरून निवडायचे.

एक गोष्ट आजच लिहून ठेवतो. रोही, चितळ, बिबट्या यांचे डोळे लांबून चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परत फेकणारा थर असतो. डुकराच्या डोळ्यांत तो थर नसतो. त्यामुळे बारीक, लांब जाणारा झोत डुकरावरून सरकून गेला तरी काही कळत नाही. त्याचं अख्खं अंग दिसावं लागतं. म्हणून झोत रुंद हवा. काकांचं वावर चार एकराचं, म्हणजे साधारण सव्वाशे मीटर लांब आणि तितकंच रुंद. अर्धा किलोमीटर मारणारा टॉर्च इथे कुणाच्या कामाचा नाही.

२३ फेब्रुवारी

दुकानात जमलेले सगळे सेल वजनकाट्यावर ठेवले. सोन्याचांदीचा छोटा काटा यासाठी फार उपयोगी पडतो.

लिथियम-आयन सेलवरच्या १८६५० या आकड्याचा अर्थ १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. चांगल्या कंपनीचा खरा सेल ४५ ते ४९ ग्रॅम भरतो. ऑनलाइन मागवलेल्या एका जोडीवर ९९०० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) छापलं होतं आणि वजन निघालं ३१ ग्रॅम. अर्ध्या अँपिअरने रिकामा केला तर हजार एमएएचसुद्धा निघाले नाहीत. या आकाराच्या डब्यात आजच्या रसायनाने साडेतीन हजारांच्या आसपासच बसतात, हे पक्कं लक्षात ठेवायचं. ९९०० लिहिणारा विकणारा खोटं बोलतो आहे, आणि ज्या सेलवर क्षमतेबद्दल खोटं छापलं त्याच्या सुरक्षेबद्दल काही छापलेलं असेल तर तेही मानायचं कारण नाही. गावात हे सेल पाच टॉर्चांत तरी बसलेले असतील. दुकानात येईल त्या प्रत्येकाला सांगायचं: घेताना तोलून घ्या.

खऱ्या सेलांतही दोन स्वभाव आहेत. सॅमसंगचा ३५ई ३५०० एमएएच देतो, पण सलग ८ अँपिअरपर्यंतच. त्याच कंपनीचा ३०क्यू ३००० एमएएच देतो आणि १५ अँपिअर सहन करतो. क्षमता वाढवायची तर इलेक्ट्रोड जाड लागतात, आणि जाड इलेक्ट्रोडमधून आयन ये-जा करायला अडतात. जोराचा करंट मागितला की व्होल्टेज बसतं आणि सेल आतून तापतो. ओढ मोठी की साठा मोठा, हे सेल घेण्याआधी ठरवावं लागतं.

९ मार्च

आज उष्णतेचा हिशोब. हा जमला तर बाकीचं सोपं.

एलईडीला दिलेल्या विजेतली साधारण तिसरा भाग प्रकाश होऊन निघून जाते. उरलेली दोन भाग जागेवरच उष्णता होते. जुन्या तारेच्या बल्बची उष्णता किरणांच्या रूपात काचेतून पुढे जायची. एलईडीची उष्णता मात्र मागच्या धातूतून, वाहून न्यावी लागते. २० वॅट घेणारा टॉर्च धरला तर १३-१४ वॅट उष्णता अंगातून बाहेर काढायची आहे.

दोन गोष्टी वेगळ्या मोजायच्या. पहिली, धातू स्वतः किती उष्णता पोटात घेतो. ॲल्युमिनियमच्या एका ग्रॅमला एक अंश तापायला ०.९ ज्यूल लागतात. अंग ४५० ग्रॅमचं धरलं तर अंशामागे सुमारे ४०५ ज्यूल. १४ वॅट म्हणजे सेकंदाला १४ ज्यूल, तेव्हा काहीच बाहेर गेलं नाही तर मिनिटाला दोन अंशांनी चढेल. दुसरी, पृष्ठभागातून हवेत किती जातं. स्थिर हवेत, काळ्या ॲनोडाइज केलेल्या (विजेने ऑक्साइडचा थर चढवलेल्या) अंगातून, तापून वर चढणारी हवा आणि किरण दोन्ही मिळून चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला साधारण १०-११ वॅट जातात. माझ्या चित्रातल्या अंगाचं क्षेत्रफळ फिन (उष्णता सोडणाऱ्या पातळ पात्या) धरून सुमारे ०.०४६ चौरस मीटर आहे. म्हणजे एका अंशाला अर्धा वॅट.

आमच्या तलावाचंच बघा: पोट मोठं असलं की पाऊस सुरू झाल्यावर बराच वेळ पातळी चढताना दिसत नाही, पण पाऊस थांबलाच नाही तर शेवटी सांडव्याची रुंदीच ठरवते की पाणी कुठे टेकणार. वजन हे पोट आहे आणि पृष्ठभाग हा सांडवा. दहा हजार ल्युमेनवाले टॉर्च फक्त पोटावर जगतात.

आता आमचं हवामान. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पारा दिवसा ४५ च्या वर जातो आणि रात्री नऊ वाजता अंगणात ३५-३६ असतो. हातात धरायचा धातू ५५ च्या वर जाऊ द्यायचा नाही. साठीच्या पुढे काही सेकंदांत चटका बसतो. म्हणजे उरला १९-२० अंशांचा फरक, म्हणजेच १० वॅट उष्णता, म्हणजेच सेलमधून १४ वॅट. डिसेंबरात पहाटे १२ अंश असताना फरक ४३ चा मिळतो आणि तेच अंग ३० वॅटही सहज पचवतं. थंड मुलुखात तपासलेल्या टॉर्चचे आकडे आपल्याकडे का लागू पडत नाहीत, ते या वजाबाकीत दिसतं.

ठरलं: सलग १४ वॅट, गरजेपुरते २० वॅट. याच्या वर जायचं नाही.

१५ मार्च

मोहफुलं पडू लागलीत. पहाटे चार वाजता बाया टोपल्या घेऊन जंगलाच्या कडेला जातात. वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या याच दिवसांत येतात. टॉर्च फक्त जागलीसाठी नाही हे आज जास्त जाणवलं.

सेल निवडला. काकांच्या रात्रीचा खर्च आधी मांडला. झोपडीत आणि पायाखाली बघायला चार तास ०.४ वॅट, वावराला फेरी मारताना दोन तास ४ वॅट, आणि कळप आला तर मिळून अर्धा तास २० वॅट. बेरीज वीस वॅट-तासांच्या जवळ. लाईट एक रात्र गेली तर चार्ज न करता दुसरी रात्र निघाली पाहिजे, म्हणून चाळीसच्या आसपास हवेत.

दोन पर्याय समोर होते. २१७०० आकाराचे निकेल जातीचे दोन लिथियम-आयन सेल, ५००० एमएएचचे: प्रत्येकी १८ वॅट-तास, वजन सत्तर ग्रॅमच्या आसपास. किंवा ३२७०० आकाराचे लिथियम आयर्न फॉस्फेटचे दोन सेल, ६००० एमएएचचे: ३.२ व्होल्ट धरून प्रत्येकी १९.२ वॅट-तास, वजन १४० ग्रॅमच्या आसपास. साठा जवळपास तेवढाच, वजन दुप्पट. कागदावर पहिला पर्याय जिंकतो.

तरी मी फॉस्फेट घेतो आहे, आणि कारण पुन्हा उष्णताच आहे. हा टॉर्च दुपारी कुठे असेल? टिनाच्या झोपडीत खुंटीला, किंवा गाडीच्या डिकीत. निकेल जातीचा सेल ४.२ व्होल्टपर्यंत पूर्ण भरून अशा गरमीत ठेवला तर नुसता पडल्या-पडल्या म्हातारा होतो. जास्त क्षमतेचा सेल तीनशे ते पाचशे वेळा चार्ज झाला की बराच खचलेला असतो. फॉस्फेट दोन हजारांच्या पुढे जातो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो. सेल आतून बिघडून तापला तरी तो ऑक्सिजन सहजी सुटत नाही, म्हणून भडका उडण्याची शक्यता फार कमी. खाली तणस (धानाचा पेंढा) अंथरलेल्या झोपडीत रात्रभर उशाशी राहणारी ही वस्तू आहे. दीडशे ग्रॅम वजन वाचवण्यासाठी मी ती जोखीम कुणाच्या उशाशी ठेवणार नाही.

जॉन गुडइनफ यांच्या गटाने या फॉस्फेटचा शोधनिबंध १९९७ साली छापला. २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांना लिथियम-आयनच्या कामासाठी व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या ग्रामपंचायतीच्या सोलर खांबांत जे सेल आहेत, ते त्याच रसायनाचे. हाही मोठा फायदा: सोलर दिव्यांमुळे ३२७०० नागपुरात कुठेही मिळतो. चार वर्षांनी सेल बदलायचा झाला तर काकांना माझ्यावर अवलंबून राहावं लागणार नाही.

एक अडचणही लिहून ठेवतो. फॉस्फेटचं व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सपाट राहतं, ३.३ ते ३.२ च्या मध्येच घुटमळतं आणि मग एकदम कोसळतं. उजेड एकसारखा राहतो हे छान, पण किती उरलं ते व्होल्टेज पाहून कळत नाही. इशारा वेगळा द्यावा लागेल.

३० मार्च

एलईडी: क्रीचा एक्सएम-एल२, एक नाही, चार. कारण असं की एलईडीवर जितका जोर तितकी त्याची कार्यक्षमता पडते. कंपनीच्याच आकड्यांनुसार हा एलईडी ३५० मिलीअँपिअरवर वॅटमागे १८६ ल्युमेनपर्यंत देतो आणि १० वॅटवर नेला की ११६ वर येतो. तेवढाच उजेड चौघांत वाटला तर वीज कमी लागते, उष्णता कमी होते, आणि ती एका ठिकाणी साठत नाही. उष्णतेवर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ती निर्माणच कमी करणं. एका मोठ्या एलईडीने झोत सुंदर दिसला असता, पण मला रुंदच हवा आहे.

चारही समांतर, एकूण ६ अँपिअर, प्रत्येकी दीड. दोन सेल सिरीजमध्ये म्हणजे ६.४ व्होल्ट, त्यावरून बक ड्रायव्हर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) ३ व्होल्टपर्यंत उतरवेल. सेलवर ओढ साडेतीन अँपिअरच्या आत. ६००० एमएएचच्या सेलला ही काहीच नाही, तो तापणारसुद्धा नाही. समांतर जोडणीत चौघांचा करंट सारखा राहावा म्हणून एकाच रिळातले, एकाच बिनचे (कंपनीने मोजून लावलेल्या एकाच प्रतीचे) घेतले.

उजेडाचा रंग ५००० केल्विन. ६५०० चा निळसर पांढरा जास्त प्रखर भासतो, पण वाळलेल्या तुरीच्या पाल्यावर पडलेली घोणस त्यात पाल्यात मिसळून जाते. तिच्या पाठीवरचे तपकिरी ठिपके वेगळे दिसले पाहिजेत.

१२ एप्रिल

नागपूरला जाऊन आलो. इतवारीतून ॲल्युमिनियमचा ७० मिलिमीटर व्यासाचा दंड आणि तांब्याची ५ मिलिमीटर जाड पट्टी घेतली. ब्रह्मपुरीच्या लेथवाल्या भाऊंकडे आज अख्खा दिवस गेला.

डोकं: मागून भरीव, त्यात तांब्याची चकती दाबून बसवलेली, चकतीवर चार एलईडी आपापल्या तांब्याच्या पाटीवर. तांबं मीटर-अंशाला ४०० वॅटच्या जवळ वाहून नेतं, हे ॲल्युमिनियम दोनशेच्या आसपास, आणि हवा ०.०२६. हा शेवटचा आकडा पाहिला की कळतं, दोन धातूंमध्ये केसाएवढी फट राहिली तर तांब्याचा सगळा पैसा वाया. म्हणून चकतीचा आणि पाट्यांचा तळ काचेवर बाराशेचा पॉलिश पेपर ठेवून घासला. थर्मल पेस्ट अगदी पातळ लावली, फक्त ओरखडे भरण्यापुरती. पेस्ट धातूपेक्षा कितीतरी मंद वाहते. जाड थर म्हणजे अडथळाच. पाट्या स्क्रूने आवळल्या.

फिनमध्ये ६ मिलिमीटरची फट ठेवली. भाऊ म्हणाले, "जवळजवळ कापू का? डबल बसतील." नको म्हटलं. पंखा नसलेल्या अंगात हवा स्वतः तापून वर चढते, आणि फार अरुंद फटीत दोन्ही भिंतींना चिकटलेले गरम थर एकमेकांना भिडतात. मधून हवा हलतच नाही. शिवाय आमच्याकडे चिखल बसणार. रुंद फट बोटाने साफ होते. पंखा बसवायचा विचार कधीच नव्हता. धानाची धूळ आणि पाऊस यांत तो एक हंगामही काढणार नाही.

सेलची नळी ४० मिलिमीटर व्यासाची. सेल आणि नळीमध्ये फायबरचं पातळ आवरण, म्हणजे डोक्याची उष्णता नळीभर पसरेल पण सेलपर्यंत उशिरा आणि कमी पोहोचेल. मागच्या झाकणातल्या स्प्रिंगवर तांब्याची जाड वेणी झाळली. नुसत्या स्टीलच्या स्प्रिंगचा रोध ५० मिलीओहम धरला तर साडेतीन अँपिअरला अर्ध्या वॅटहून जास्त तिथेच जळतो.

१९ एप्रिल

ॲनोडाइज करण्याआधी कोऱ्या धातूवरच चाचणी. हवा ३४, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) डोक्यावर चिकटवलेलं, २० वॅट सलग. तेराव्या मिनिटाला ५५. चालू ठेवलं तर ७० च्या पुढेही चढतच होतं. तिथे बंद केलं.

तपासणाऱ्यांसाठी: चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन वापरू नये. थर्मोकपल ५५ दाखवत होतं तेव्हा गन ३८ सांगत होती. चकचकीत धातू स्वतः फार कमी किरण सोडतो आणि आजूबाजूचेच परत फेकतो. काळ्या टेपचा तुकडा लावून त्यावर गन धरली की दोन्ही आकडे जुळले.

४ मे

हिंगण्याच्या एमआयडीसीतून अंग काळं ॲनोडाइज होऊन आलं. तीच चाचणी, हवा ३६. पंधराव्या मिनिटाला ५५, आणि पाऊण तासाने ६४ वर जाऊन थबकलं. हवा दोन अंशांनी गरम असूनही.

पहिल्या दहा मिनिटांत दोन्ही चाचण्यांचे आकडे जवळपास सारखेच आहेत. तिथे वजनच बोलतं, रंगाला काही किंमत नाही. फरक त्यानंतर पडतो: कोरं अंग चढतच राहिलं, काळं थांबलं. ॲनोडाइजचा थर किरणांनी उष्णता सोडतो आणि स्थिर हवेत तो वाटा निम्म्याच्या जवळ जातो. ॲनोडाइज हा फक्त शोभेचा खर्च आहे असं मानून तो वाचवणारे बनवणारे बरेच आहेत. त्यांनी हे दोन आलेख शेजारी ठेवून पाहावेत.

सेलचं तापमान पाऊण तासाने ४७. फॉस्फेटला वापरताना ६० पर्यंत परवानगी असते, तेव्हा ठीक. एलईडीची काळजी मला कधीच वाटली नव्हती. या एलईडीत चिपपासून पाटीपर्यंत वॅटमागे अडीच अंश वाढतात. एकेकाला साडेचार वॅट दिले तरी चिप पाटीहून दहा-अकरा अंशच गरम, आणि तिची मर्यादा १५० ची आहे. टॉर्चमध्ये सगळ्यात नाजूक भाग म्हणजे माणसाचा तळहात, त्याच्यानंतर सेल.

१८ मे

नियंत्रण बसवलं. एटीटायनी८५ (छोटा मायक्रोकंट्रोलर) आणि १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापला की रोध कमी होणारा), तांब्याच्या चकतीच्या पाठीला चिकटवलेला.

बाजारातले बरेच टॉर्च घड्याळावर चालतात: तीन मिनिटं झाली की उजेड पाडायचा. असा टॉर्च डिसेंबरात अंग गार असतानाही उजेड चोरतो आणि मे महिन्यात चटका बसेपर्यंत थांबतो. माझा नियम फक्त तापमान पाहतो. ५२ पर्यंत उजेडाला हात लावायचा नाही. त्याच्या पुढे दर काही सेकंदांनी थोडं थोडं कमी करायचं, ५५ वर टेकेल असं. खाली आलं तर तितक्याच हळू वर न्यायचं.

हळू हा शब्द महत्त्वाचा. डोळा उजेडाचं प्रमाण पाहतो, आकडा नाही. २० वॅटवरून १४ वर चार मिनिटांत उतरलं तर समोर बघणाऱ्याला काही बदललं असं वाटतच नाही. मोठ्या काकांना न सांगता अंगणात चालवून दाखवलं. मीटरवर उतरताना दिसत होतं. काका पलीकडच्या चिंचेवर झोत मारत बसले होते, काही बोलले नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाले, "सारखाच तं होता."

हवा ३५ असताना ते १४ वॅटच्या किंचित खाली स्थिरावलं. मार्चमधल्या कागदावरचा आकडाच हा. समाधान वाटलं.

२५ मे

चार्जिंग. लिथियम सेल ४५ च्या वर चार्ज करू नये, आणि टिनाच्या झोपडीत दुपारी थर्मामीटरने ४९ दाखवले. सोलर पॅनल झोपडीवर लावून तिथेच चार्ज करायचा बेत होता, तो मोडला. पॅनल ऊन खाईल, पण सेल सावलीत पाहिजे. आता लांब वायर ओढून टॉर्च कडुनिंबाखालच्या माठाच्या ओट्यावर राहतो, आणि चार्जरलाही एक थर्मिस्टर दिला आहे. ४५ ला तो स्वतः थांबतो. १० वॅटचं पॅनल सकाळी सातपासून अकरापर्यंत बरंचसं काम करून जातं. मातीच्या भिंतीच्या घरात लाईटवर लावायचा तर पहाटे लावा, असं काकींना सांगितलं आहे. त्या वेळी घर सगळ्यात गार असतं.

दोन सेलांसाठी बॅलन्स करणारा बीएमएस (सेलांची राखण करणारं सर्किट), चार्जचा शेवट ७.२ व्होल्ट. वापरताना सेल ३.० ला आला की झोत दोनदा मिचकतो आणि वरचा मोड बंद होतो. २.८ ला फक्त ०.४ वॅटचा उजेड उरतो, २.५ ला सगळं बंद. वावराच्या मधोमध माणसाला पूर्ण अंधारात सोडायचं नाही, म्हणून घरी परतण्यापुरता हा लहान उजेड राखून ठेवला.

१२ जुलै

रोवणी सुरू. पाऊस सलग. ओ-रिंगना सिलिकॉन ग्रीस लावलं, टॉर्च रात्रभर बांधीच्या (धानाच्या खाचराच्या) पाण्यात टाकून ठेवला. सकाळी आत कोरडा. पाण्यात त्याने ६० मिनिटं पूर्ण २० वॅट दिले आणि अंग कोमटसुद्धा झालं नाही, पण ती चाचणी म्हणून धरत नाही.

१९ ऑक्टोबर

धान लोंबीवर. काका जागलीला नेत आहेत.

वजन पाऊण किलोच्या वर आहे, त्याबद्दल मला धास्ती होती. त्यांनी जुन्या पिशवीचा पट्टा लावून खांद्याला अडकवला आणि विषय संपला. त्यांना आवडलं ते वेगळंच: बटण दाबून धरलं की सगळ्यात लहान उजेडच लागतो. आधीच्या टॉर्चमध्ये प्रत्येक वेळी आधी मोठा झोत लागायचा आणि अंधाराला सरावलेले डोळे दिपायचे. पुन्हा नीट दिसायला बराच वेळ जातो.

परवा रात्री कळप आला. काकांनी मचाणावरूनच झोत टाकला. शंभरेक मीटरवर बांधीच्या कडेला पाठी दिसल्या, डोळे नाहीत. रुंद झोताचा निर्णय तिथे कामी आला. फटाका वाजवल्यावर कळप पळाला, उतरून मागे जावं लागलं नाही. टॉर्चने डुक्कर पळत नाही. किती आहेत, कुठून शिरले आणि सोबत आणखी काही आहे का, एवढं तो सांगतो, आणि मचाणावरून उतरायचं की नाही ते माणूस ठरवतो.

सकाळी दोन्ही सेल काढून टेस्टरवर लावले. निम्म्याहून थोडी जास्त शिल्लक.

१४ डिसेंबर

थंडीतली चाचणी, फक्त आकड्यांसाठी. पहाटे पाच, हवा १३. २० वॅट सलग, थर्मिस्टरने एकदाही हात आखडता घेतला नाही. डोकं ४१ वर टेकलं. पावणेदोन तासांनी सेलने इशारा दिला. मे आणि डिसेंबर दोन्हीकडे हवेपेक्षा डोकं २८ अंशांनीच वर गेलं. अंग तेच, उष्णता तीच, म्हणून फरकही तोच.

नव्या सेलांची क्षमता घेतली तेव्हा ५७०० एमएएच मोजली होती, छापील ६००० वर. आज पुन्हा मोजली, ५६५०. अख्खा उन्हाळा काढून एवढीच घट. त्यांच्यासोबत खुंटीला मुद्दाम पूर्ण भरून टांगलेला निकेल जातीचा १८६५० सेल मात्र जवळपास आठवा भाग गमावून बसला आहे, न वापरता.

शेजारच्या दोन घरांनी मागितला आहे. त्यात बदल: नळी ५ मिलिमीटर आखूड, कारण स्प्रिंगमागे जागा वाया जाते. चार्जिंगचं भोक डोक्याकडून मागे, म्हणजे पाऊस आत जायला एक वाट कमी. मोहफुलाला जाणाऱ्या बायांसाठी वेगळा, एकाच सेलचा, ४ वॅटच्या वर न जाणारा हलका टॉर्च. त्याला फिन लागणारच नाहीत. अंग २५० ग्रॅमचं पुरेल, आणि एका सेलवर चार पहाटा निघतील. फेब्रुवारी संपायच्या आत तो तयार हवा. तांब्याची उरलेली पट्टी त्याला पुरते आहे, सेल नागपूरहून मागवले.